दिवाळीच्या आधी गीझर उघडा: पुण्याच्या थंडीसाठी घरच्या गीझरची तयारी

नरकचतुर्दशीच्या पहाटे पुण्यात गीझर दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. तोही त्याच्या घरी अभ्यंगस्नानाच्या गडबडीत असतो. दिवाळी सरली की थंडी पडते, सगळ्या शहराला एकदमच गीझरची आठवण होते आणि चार-चार दिवस नंबर लागत नाही. म्हणून आमच्याकडे हे काम कोजागिरी ते वसुबारस या दिवसांत उरकतं. तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो, एखादा दिवस गार पाण्यानं अंघोळ करावी लागली तरी कुणाची तक्रार नसते. एखादा भाग मागवायचा झाला तर हातात दिवसही असतात.

पुण्यात नळातलं पाणी गोठत नाही. इथला नोंदलेला नीचांक १.७ अंश आहे, तोही १९३५ च्या जानेवारीतला. त्यामुळे थंड देशांतले लोक हिवाळ्याआधी पाइप रिकामे करतात, त्यांना उबदार आवरणं गुंडाळतात, त्यातलं आपल्याला काही करावं लागत नाही. आपली अडचण निराळी आहे. टाकीतलं पाणी गार होतं म्हणून गीझर जास्त वेळ चालतो, जास्त वेळ चालला की क्षार जास्त बसतात, आणि थंडी वाजते म्हणून आपण बाथरूमची खिडकी लावून घेतो. या तिन्हींचा बंदोबस्त करायचा.

बहुतेक घरांत गीझरकडे लक्ष जातं ते पाणी तापेनासं झालं की. माझं सांगणं एवढंच आहे की पाणी तापतंय म्हणजे गीझर ठीक आहे असं नाही. कॉइल चांगली असून अर्थिंग तुटलेलं असू शकतं, आणि जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बंद पडलेला असला तरी पाणी कडकडीत येतच राहतं.

गीझर बिघडलाय की पाणीच गार झालंय?

डिसेंबरमध्ये हमखास ऐकू येणारी तक्रार: "गीझर पूर्वीसारखा पुरत नाही." मिस्त्रीला बोलावण्याआधी हा हिशेब करून पाहा. पंधरा लिटरचा गीझर ६० अंशांपर्यंत तापला आहे आणि तुम्हाला अंघोळीला ४० अंशांचं पाणी लागतं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २८ अंशांवर असेल, तर त्या पंधरा लिटरांत गार पाणी मिसळून ४० लिटर कोमट पाणी मिळतं, म्हणजे दोन बादल्यांहून थोडं जास्तच. जानेवारीच्या पहाटे तेच पाणी १८ अंशांवर आलं की जेमतेम २८ लिटर मिळतं, दीड बादली. गीझर तोच, थर्मोस्टॅट तोच, तरी एका माणसाची अंघोळ कमी झाली.

वेळेचंही तसंच. दोन किलोवॅटची कॉइल पंधरा लिटर पाणी उन्हाळ्यात सतराएक मिनिटांत ६० अंशांवर नेते, थंडीत बावीस मिनिटं घेते. पंचवीस लिटरला थंडीत सदतीस मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा. एवढ्याच वेळात गीझरवरचा दिवा विझत असेल तर कॉइल ठणठणीत आहे. पंधरा लिटरला चाळीस मिनिटं लागत असतील, तापताना आतून करकर, खदखद असे आवाज येत असतील, तर कॉइलवर क्षारांचं कवच बसलंय आणि गीझर उघडायची वेळ आली आहे. पाचच मिनिटांत दिवा जाऊन पाणी कोमटच येत असेल, तर दोष थर्मोस्टॅटकडे असण्याची शक्यता जास्त.

बिलावरही हे उमटतं. चार माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली धरली, तर अंघोळीच्या पाण्याला उन्हाळ्यात महिन्याला तीसएक युनिट लागतात, थंडीत पंचावन्नच्या आसपास. महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटांवर पुढच्या टप्प्यात जातात, तेव्हा काठावरच्या घराला ही पंचवीस युनिटं टप्पा ओलांडायला पुरतात.

न उघडता करायची पाहणी

आधी एमसीबी, म्हणजे बोर्डातला गीझरचा मुख्य खटका, बंद करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात.

गीझर भिंतीवर कसा टांगलाय ते पाहा. पंचवीस लिटरचा गीझर भरला की पाण्याचंच वजन पंचवीस किलो होतं, वर त्याचं स्वतःचं. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात आणि त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू घालून स्क्रू पिळलेला असला, तर काही वर्षांत तो सैल होतो. गीझर वरच्या बाजूला भिंतीपासून बोटभर सुटलाय का, हुकाखाली गंज ओघळलाय का, हे टॉर्च मारून बघा.

मग प्लग. दोन किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा अँपिअर. त्याला १६ अँपिअरचाच पॉइंट हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच असेल तर उत्तम. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील, सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडून वाकडं झालं असेल, तर तो प्लग पुसून परत लावू नका. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर कधीच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या मीटरपाशी किंवा घरातल्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का? त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. महिन्यातून एकदा ते बटण दाबायचं, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर गीझरचं बाकी सगळं काम थांबवा आणि आधी तो बदलून घ्या. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, तीस-चाळीस वर्षांच्या बिल्डिंगांत तो नसतोच, आणि अर्थिंगची वायर नुसती पॉइंटपर्यंत आलेली असते, पुढे कुठे पोचत नाही. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, "आहे ना?" एवढं विचारून थांबू नका. एमसीबी परत चालू केल्यावर टेस्टर गीझरच्या अंगाला लावला आणि तो पेटला तर गीझर वापरायचा नाही. पण पेटला नाही म्हणून सगळं ठीक आहे असाही अर्थ काढू नका. खात्री होईपर्यंत गीझर बंद करूनच अंघोळीला जायचं. आमच्या घरी खात्री असूनही हाच नियम आहे.

ठिबकणारा व्हॉल्व्ह

गीझरच्या खाली, गार पाणी आत जातं त्या पाइपवर, पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला बाजूला एक बारीक तोंड असतं, काहींना वर छोटी दांडी असते. या तोंडातून पाणी ठिबकताना दिसलं की लोक अस्वस्थ होतात. आमच्याकडे आलेल्या एका मिस्त्रीनं "गळती बंद करतो" म्हणून त्या तोंडात चक्क एम-सील भरलं होतं. मी घरी नव्हते. दुसऱ्या वर्षी गीझर उघडायला घेतला तेव्हा ते दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण वर्षभर माझी मुलं त्याच गीझरखाली अंघोळ करत होती.

पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे पावणेचारशे मिलिलिटर जास्त जागा मागतं. व्हॉल्व्ह पाण्याला पाइपमध्ये मागे जाऊ देत नाही, मग वाढलेलं पाणी बाहेर पडायला तेवढं एकच तोंड उरतं. ते बुजवलं, त्यात थर्मोस्टॅट चिकटला, की टाकीत दाब वाढतच जातो. गीझर फुटल्याच्या बातम्या येतात त्यामागे बहुतेकदा हीच जोडी असते.

तेव्हा पाणी तापत असताना थेंब थेंब पडणं हे त्या व्हॉल्व्हचं काम आहे. त्या तोंडाला पातळ नळी लावून ती मोरीकडे सोडा, म्हणजे भिंत ओली होणार नाही. गीझर बंद आणि गार असतानाही धार लागलेली असेल तर मात्र दोन कारणं संभवतात: व्हॉल्व्ह झिजलाय, किंवा पाण्याचा दाबच जास्त आहे. दाब 'बार' या मापात मोजतात आणि दहा मीटर उंचीमागे तो साधारण एक बार वाढतो. बारा मजली इमारतीच्या तळमजल्यावर गच्चीच्या टाकीमुळेच चार बारच्या आसपास दाब येतो, त्यात प्रेशर पंप असला तर आणखी वाढतो. नवा गीझर घेताना तो किती बारसाठी आहे हे पाटीवर वाचून घ्या. उंच इमारतींसाठी ८ बारचे असतात.

व्हॉल्व्हला दांडी असेल तर ती वर्षातून दोन-तीनदा हलकेच उचलायची. पाणी सपकन आलं आणि दांडी सोडल्यावर थांबलं की व्हॉल्व्ह जिवंत आहे. क्षारानं जाम झाला असेल तर नवा बसवा. सगळ्या गीझरमध्ये स्वस्त असूनही सगळ्यात मोलाचा भाग तो आहे.

उघडून साफ करणं

हे दरवर्षी करायचं की दोन वर्षांनी, हे तुमच्या नळावर ठरतं. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी तसं मऊ. पण वाघोली, उंड्री, पिसोळी, धायरी अशा भागांत जिथे बोअर आणि टँकरवर दिवस निघतात, तिथे नळाच्या तोटीवर महिन्याभरात पांढरा थर चढतो. जे तोटीवर दिसतं तेच कॉइलवर जास्त वेगानं चाललेलं असतं, कारण पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षार जास्त सुटतो. अशा घरांनी दर वर्षी उघडावा.

गीझर वॉरंटीत असेल तर कंपनीच्याच माणसाकडून उघडून घ्या, नाहीतर वॉरंटी जाते. बाहेरच्या मिस्त्रीकडून घेणार असाल तर शेजारी उभं राहा. वायरी आणि कॉइलचं काम त्याच्याकडेच ठेवा, पण क्रम तुम्हाला माहीत असू द्या.

आदल्या रात्रीच एमसीबी बंद करा, म्हणजे सकाळपर्यंत पाणी निवेल. सकाळी गीझरला गार पाणी सोडणारा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतला छोटा नळ, बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा आणि उघडाच ठेवा. आतला दाब जातो आणि हवा शिरायला वाट मिळते. गरम पाण्याचा नळ वाहायचा थांबला म्हणजे गीझर रिकामा झाला असं समजू नका. गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून निघतं, त्यामुळे नळ कोरडा पडला तरी टाकी भरलेलीच असते. खाली दोन बादल्या ठेवा आणि गार पाण्याची जोडणी व्हॉल्व्हपाशी सोडा, तेव्हा सगळं पाणी तिथून उतरेल. पहिल्या बादलीच्या तळाशी किती रेती आणि पांढरे कपचे बसतात ते बघा. त्यावरून पुढच्या वर्षी उघडायचा की नाही ते ठरवता येतं.

खालचं झाकण काढलं की वायरी दिसतात. त्यांचा मोबाइलवर फोटो काढा, मगच सोडू द्या. नट काढून तबकडी खाली घेतली की कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमची कांडी, म्हणजे अ‍ॅनोड, हाती येतात. ही कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते, म्हणून टाकी गंजत नाही. ती बोटाएवढी जाड असली तर परत बसवा. आतली तार दिसायला लागली असेल किंवा ती चुरगळत असेल तर लगेच नवी घाला. बोअरचं पाणी असलेल्या घरात दोन वर्षांत संपलेली कांडी मी पाहिली आहे. पुष्कळ मिस्त्री तिच्याकडे बघतही नाहीत, तुम्ही नाव घेऊन विचारा.

कॉइलवरचा क्षार स्क्रू ड्रायव्हरनं खरवडायचा नाही, बाहेरचा पत्रा चिरतो. एका भांड्यात लिटरभर गरम पाणी घेऊन दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवा आणि कॉइलचा फक्त पाण्यात राहणारा भाग त्यात बुडवा. वायर जोडायची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. लगेच फेस येतो. तासा-दोन तासांत थर मऊ होऊन ब्रशनं निघतो. किराणा दुकानातलं साधं व्हिनेगरही चालतं, वेळ जास्त लागतो. फरशी धुवायचं अ‍ॅसिड मात्र वापरू देऊ नका, ते पटकन काम करतं आणि तितक्याच पटकन धातू खातं. साफ झाल्यावर कॉइल नीट पाहा: कुठे फुगलेली, तडकलेली, काळी टिकली पडलेली असेल तर ती गेली. उरलेली वर्षं मोजू नका, बदला.

टाकीच्या आत काचेसारखा मुलामा असतो. तिथे कुठलंही धातूचं हत्यार घालायचं नाही. अँगल कॉक थोडा थोडा उघडून पाण्याच्या झोतानं गाळ खाली पाडायचा, एवढंच. तबकडी परत बसवताना गॅस्केट नवंच हवं. जुनं दाबून चपटं झालेलं असतं, आणि महिन्याभरानं झाकणात ठिबकून वायरीवर पाणी येतं.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. ७५ वर ठेवल्यानं थंडीत पाणी लवकर तापत नाही, तेवढा वेळ लागतोच. फक्त क्षार वाढतो आणि ज्येष्ठांच्या, लहानांच्या कातडीला धोका होतो. ६० अंशांच्या पाण्यानंही काही सेकंदांत भाजतं, म्हणून बादलीत आधी गार, मग गरम. फार खाली, ४५ वगैरेवर ठेवणंही बरं नाही, साठलेल्या कोमट पाण्यात जिवाणू वाढतात.

भरताना घाई करू नका. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून अँगल कॉक सोडा. आधी फुसफुस हवा येईल, मग गढूळ पाणी, मग अखंड स्वच्छ धार. ती धार मिनिटभर पाहिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. रिकाम्या टाकीत कॉइल पेटली की काही मिनिटांत जळते. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं आणि "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने" येतं, तेव्हाही हाच नियम: नळाला धार आली की मगच गीझर. ते पहिलं गढूळ पाणी आधी गार नळातून वाहून जाऊ द्या.

तीन लिटरचा इन्स्टंट

त्याला साफसफाई कमी, पण अपेक्षा बदलावी लागते. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १८ अंशांचं पाणी ४० वर नेताना मिनिटाला फक्त दोन लिटर देऊ शकतो. म्हणजे थंडीत एक बादली भरायला नऊ मिनिटं, उन्हाळ्यात पाच. नळ बारीक सोडा, त्याला दुसरा इलाज नाही.

गॅस गीझर

इथे मी हात जोडून सांगते. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो या थंडीच्या आधी बाहेर हलवा, मोकळ्या बाल्कनीत किंवा डक्टकडे. गरम पाण्याचा पाइपच तेवढा आत येऊ द्या.

माझ्या आजीकडे कसब्यात तांबट आळीतून घेतलेला तांब्याचा बंब होता. त्याला धुराडं होतं, तो मागच्या मोकळ्या पडवीत पेटायचा आणि तापलेलं पाणी घंगाळात घेऊन न्हाणीघरात न्यायचे. आग बाहेर, माणूस आत. गॅसची ज्योत दिसायला निळी आणि स्वच्छ, म्हणून आपण ती चार फुटांच्या बंद खोलीत आणून ठेवली. पण ती तीच हवा जाळते जी आपण श्वासात घेतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. पुण्यात थंडी पडली की लोक झडपेला पुठ्ठा लावतात, जाळीवर प्लॅस्टिक ताणतात, एक्झॉस्ट बंद करतात, आणि त्याच बाथरूममध्ये वीस मिनिटं गीझर चालतो. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ ही त्याची लक्षणं, आणि अंगात त्राण उरत नसल्यानं कडी काढायलाही जमत नाही. कुणी आत बराच वेळ उत्तर देत नसेल तर दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

बाहेर बसवलेल्या गीझरची तयारी सोपी आहे. ज्योत निळी हवी. पिवळी, लांबट असेल तर बर्नरवर धूळ किंवा कोळ्याची जाळी आहेत, ती साफ करून घ्या. पेटायला वेळ लागत असेल तर आधी खालचे दोन मोठे सेल बदला. रबरी नळीवरची तारीख वाचा, पाच वर्षं झाली असतील तर नवी. गॅसचा वास आला तर बटणं चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. विकत घेताना आयएस १५५५८ चा आयएसआय शिक्का पाहा.

गच्चीवरचा सोलर

पुण्याच्या थंडीत आकाश निरभ्र असतं, त्यामुळे सोलर पावसाळ्यापेक्षा बरा चालतो. तरी दोन गोष्टी बघायच्या. नळ्यांवरची धूळ, विशेषतः शेजारी बांधकाम चालू असेल तर, ओल्या फडक्यानं पुसायची, तीही उन्हं यायच्या आधी. रिकाम्या नळ्या भरायच्या असतील तर त्याही तेव्हाच, कारण तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं तर ती तडकते. दुसरी गोष्ट सावली. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही पुण्यात सूर्य क्षितिजावर ४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे दक्षिणेकडच्या दहा फुटी भिंतीची सावली दुपारी बारालाही नऊ फूट पडते. उन्हाळ्यात मोकळं दिसणारं पॅनेल जानेवारीत पाण्याच्या टाकीच्या सावलीत असू शकतं. एका रविवारी सकाळी दहाला आणि दुपारी तीनला गच्चीवर जाऊन बघाच.

गच्चीपासून घरापर्यंतच्या गरम पाइपचं आवरण उन्हानं फाटलेलं असतं, ते नव्यानं गुंडाळून घ्या. खालच्या मजल्यांवर गरम पाणी यायच्या आधी पाइपमधलं एक-दोन बादल्या गार पाणी येतं. ते मोरीत सोडू नका, बादलीत धरा. आमच्याकडे सकाळची फरशी आणि कुंड्या त्याच पाण्यावर होतात.

हे सगळं झालं की गीझरच्या अंगावर, खालच्या बाजूला, मार्करनं तीन तारखा लिहून ठेवा: अ‍ॅनोड कधी बदलला, व्हॉल्व्ह कधी बदलला, शेवटचा कधी उघडला. पुढच्या वर्षी मिस्त्री कुणीही येवो, तो आधी त्या तारखा वाचतो.